मूलद्रव्यांची पेटी: ३८ वरून खाली, मग ४३ पर्यंत

मी मूलद्रव्यांचे नमुने जमवते, एका घरात एक. त्यांची पेटी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. आवर्त सारणीच्या आकाराची, सागवानी, ८३ व्या क्रमांकापर्यंतची घरं असलेली. ४३ आणि ६१ या दोन घरांत सुताराने लाकडाचे ठोकळे बसवून दिले, कारण टेक्नेशियम आणि प्रोमेथियम यांचा एकही स्थिर समस्थानिक (आपोआप न विघटणारा प्रकार) नाही. उरली ८१ घरं. गेल्या वर्षअखेरीला त्यातली ३८ भरलेली होती.

यंदा जानेवारीत मी स्वतःला एक नियम घालून घेतला. मूलद्रव्याचा निदान एक गुणधर्म घरच्या साधनांनी स्वतः पडताळल्याशिवाय त्याचं घर भरलं असं म्हणायचं नाही. डबीवरची चिठ्ठी हा पुरावा नाही. हा नियम मनापासून पाळायचा म्हणून जुन्या ३८ नमुन्यांचीही तपासणी सुरू केली, आणि पहिल्याच आठवड्यात आकडा ३७ वर आला.

गेलं ते कथील. तीन वर्षांपूर्वी 'शुद्ध कथील' म्हणून विकत घेतलेली चकती होती. घनता काढायची माझी पद्धत सोपी आहे. सोनारांकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, त्यावर पाण्याचा पेला, काटा शून्यावर आणायचा. मग नमुना बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायचा, पण तळाला किंवा काठाला टेकू द्यायचा नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर नमुन्याचं आकारमान. चकतीचं वजन ६२.४० ग्रॅम, पाण्यात वाचन ७.३५. भागाकार ८.४९. कथलाची घनता ७.३ च्या आसपास असते आणि शिशाची ११.३४. साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं असलेल्या सोल्डरची घनता साधारण ८.५. म्हणजे तीन वर्षं ५० व्या घरात सोल्डर बसलं होतं. वाईट वाटलं, कारण ती चकती मी कितीतरी मुलांना हातात घेऊन बघायला दिली होती.

खरं कथील मिळालं ते कल्हईवाल्या काकांकडून. आमच्या भागात ते आता वर्षातून एकदोनदाच येतात. भट्टीवर पितळी पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका फटकाऱ्यात सगळीकडे पसरवायची, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. घनतेची गोष्ट सांगितल्यावर ते म्हणाले, "ताई, काटा कशाला? कांडी कानाशी धरून वाकवा. असली असेल तर करकरते." वाकवली, आणि खरंच करकरली. बारीक, कोरड्या काटक्या मोडाव्यात तसा आवाज. कांडी वाकताना आतल्या स्फटिकांचे पट्टे झटक्याने नव्या दिशेला वळतात, त्याचा हा आवाज. त्या चकतीतून वाकवताना काहीच आवाज आला नव्हता. घरी आणून मोजली: ४१.०५ ग्रॅम, वाचन ५.६३, घनता ७.२९. पुन्हा ३८.

या छंदात पडलेल्या प्रत्येकाने ही करकर एकदा तरी ऐकावी. मात्र तीच कांडी दहा वेळा वाकवू नका, दर वेळी आवाज मंदावत जातो.

निकेलने दुसरा धडा दिला. १९५७ पासून काढलेली २५ नये पैशांची नाणी शुद्ध निकेलची होती, प्रत्येकी अडीच ग्रॅम. जुन्या बाजारात चार मिळाली. (१, २, ३ पैशांची हलकी नाणी ॲल्युमिनियमची म्हणून कोणी पेटीत ठेवत असेल तर काढा. ती ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचं संमिश्र आहेत.) एकेका नाण्याचं आकारमान इतकं कमी की काट्याची चूक फार मोठी होते, म्हणून चारही एकत्र बांधून बुडवली: ९.९२ ग्रॅम, वाचन १.११, घनता ८.९४. निकेलची ८.९. जुळलं, असं म्हणून मी घर भरणारच होते. मग लक्षात आलं की तांब्याची घनता ८.९६ आहे आणि तांबं-निकेलच्या संमिश्राची त्या दोन्हींच्या मध्ये. नंतरची बरीच नाणी त्याच संमिश्राची आहेत. इथे घनता काहीच ठरवू शकत नाही!

लोहचुंबकाने पुढचं काम केलं. निकेल चुंबकाला चिकटतं, नाण्यांत वापरलेलं तांबं-निकेल चिकटत नाही. पोलाद चिकटतं, पण त्याची घनता ७.८ च्या आसपास. दोन्ही कसोट्या एकत्र लावल्या तरच नाण्यांच्या या धातूंत निकेल एकटं उरतं. तिसरी कसोटी मी केवळ आनंदासाठी केली. निकेल सुमारे ३५८ अंश सेल्सिअसला आपलं चुंबकत्व सोडतं. लोखंडाला त्यासाठी ७७० अंश लागतात, म्हणजे ते लालबुंद व्हावं लागतं. नाणं बारीक तांब्याच्या तारेने टांगलं, बाजूला जुन्या स्पीकरचा चुंबक ठेवला, नाणं ओढलं जाऊन तिरकं लोंबू लागलं. खालून स्पिरिटचा दिवा. अर्ध्या मिनिटाने, लाली यायच्या कितीतरी आधी, नाणं चुंबकापासून सुटून सरळ खाली लोंबलं. दिवा बाजूला केला, थोडं निवलं, आणि टक्कन पुन्हा चुंबकाकडे गेलं. मी हे ओळीने सात-आठ वेळा केलं. या प्रयोगाला निओडिमियमचा चुंबक वापरू नका, साधा प्रकार ८० अंशांपुढे कायमचा दुबळा होऊ लागतो. स्पीकरचा काळा फेराइट उष्णता चांगली सोसतो.

३९.

गॅलियमची डबी फेब्रुवारीपासून कपाटात होती. याचा द्रवणांक २९.७६ अंश, त्यामुळे पुण्यात ते फेब्रुवारीच्या सकाळी घन असतं आणि एप्रिलच्या दुपारी कपाटातल्या कपाटात पाणी. नागपूरकरांना तर ते उन्हाळाभर घन दिसणारच नाही. काचेच्या बाटलीत ठेवू नका. गोठताना ते बर्फासारखं फुगतं आणि काच फोडू शकतं. ॲल्युमिनियमच्या भांड्यापासूनही लांब ठेवा, त्याच्या आत शिरून ते भांड्याला ठिसूळ करतं.

पडताळणीसाठी गार पाण्यात डबी ठेवून पाणी अगदी हळू तापवत नेलं आणि दर अर्ध्या मिनिटाला आतल्या तापमापकाचं वाचन लिहिलं. पारा चढत चढत २९.७ वर आला आणि अकरा मिनिटं तिथेच थांबला. आलेखातली ती सपाट रेघ वहीत पाहिली तेव्हा झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. उलट दिशेने मात्र ते लवकर गोठत नाही. २२ अंशांपर्यंत उतरलं तरी द्रवच होतं. बाजूला ठेवलेला घन कण टाकला तेव्हा त्या कणापासून गोठायला सुरुवात झाली. आणि घन तुकडा स्वतःच्याच द्रवावर तरंगला: घन ५.९१, द्रव ६.०९.

या ५.९ च्या मागे जी गोष्ट आहे, तिच्यामुळेच मला माझा नियम सुचला. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ मध्ये आवर्त सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. ॲल्युमिनियमच्या खालचं घर त्याने रिकामं ठेवलं आणि तिथल्या अज्ञात मूलद्रव्याला नाव दिलं एका-ॲल्युमिनियम. हा 'एका' म्हणजे आपला संस्कृत 'एक', ॲल्युमिनियमपासून एक घर खाली. दोन घरं खाली असेल तर 'द्वि'. १९२५ मध्ये सापडलेलं ऱ्हेनियम हे त्याचं द्वि-मँगनीज. १८७१ मध्ये त्याने एका-ॲल्युमिनियमची घनता ५.९ च्या आसपास असेल, ते सहज वितळेल असं लिहून ठेवलं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्रां याला वर्णपटात (प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात) नव्या रेषा दिसल्या, त्याने धातू वेगळा केला आणि घनता मोजली ४.७. मेंडेलीव्हने तो नमुना पाहिलेलाही नव्हता, तरी त्याने कळवलं की नमुना पुन्हा शुद्ध करून मोजा. मोजल्यावर आली ५.९. ज्याच्या हातात धातू होता त्याचा आकडा चुकला, आणि ज्याच्याकडे फक्त रिकामं घर होतं त्याचा बरोबर आला. ४०.

मधेच एक वाईट बातमी. आयोडीनच्या बाटलीचं झाकण फिरकीचं होतं आणि तेवढं पुरेसं नाही. आयोडीन साध्या तापमानालाही हळूहळू वाफ होत राहतं. पावसाळ्यात पेटी उघडली तर पितळी बिजागऱ्या काळवंडलेल्या, चांदीच्या तुकड्यावर पिवळट-काळा थर. चांदी घासून निघाली, बिजागऱ्या बदलाव्या लागल्या. आता आयोडीन काच वितळवून बंद केलेल्या नळीत आहे. ज्यांच्याकडे ते अजून झाकणाच्या बाटलीत असेल त्यांनी आजच ते धातूंपासून वेगळं करावं.

बिस्मथसाठी सर्वांत जास्त दिवस गेले. द्रवणांक २७१ अंश, म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीवर वितळतो. शिशाच्या शेजारचा असूनही त्याच्यासारखा घातक नाही. तरी पातेलं वेगळं ठेवा, ते पुन्हा अन्नाला वापरायचं नाही. खिडक्या उघड्या, डोळ्यांवर चष्मा, आणि पाण्याचा एक थेंबही जवळ नको. एक किलो धातू घेतला. इतका मोठा ढीग, पण वितळल्यावर जेमतेम शंभर मिलिलिटर. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलेल्या मल्टिमीटरची तापमानाची तार त्यात धरली.

पहिल्या वेळी मी फार थांबले. सगळा गोळा गोठला आणि मधोमध उंचवटा आला. बिस्मथही गोठताना फुगतो, तीन टक्क्यांहून थोडा जास्त. स्फटिक एकही मिळाला नाही, पण निवताना तारेचं वाचन २७० ते २७२ मध्ये बराच वेळ अडकलं होतं, म्हणजे नियमाप्रमाणे घर तिथेच भरलं. ४१. मला मात्र जिने हवे होते. बिस्मथचे ते चौकोनी, आत आत उतरत जाणारे जिने, कडा आधी वाढतात आणि मधला भाग मागे राहतो म्हणून तयार होणारे.

दुसऱ्या वेळी घाई झाली. ओतल्यावर पातेल्याला नुसता पातळ पापुद्रा.

तिसऱ्या वेळी पातेलं कोरड्या गरम वाळूत रोवलं, वरची राखाडी साय पळीने काढली, वर तापवलेली झाकणी ठेवली आणि शेगडी बंद केली. दर मिनिटाला पातेल्याला हलकी टिचकी मारायची. आधी सगळा पृष्ठभाग थरथरतो, मग कडेची थरथर थांबते, मग फक्त मध्ये रुपयाएवढं वर्तुळ हलत राहतं. त्या क्षणी सांडशीने उचलून उरलेला द्रव दुसऱ्या तापवलेल्या भांड्यात ओतला. आत जिने होते! बोटाच्या पेराएवढे, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्यावर रंग चढत गेले: पिवळा, मग गुलाबी, मग निळा. हवेतल्या ऑक्सिजनने ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि थर जसा जाड होतो तसा रंग बदलतो, पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतो तसाच हा प्रकार. जितका गरम असताना हवेला उघडा पडेल तितका थर जाड.

एक तुकडा कागदाच्या घडीत घालून दोऱ्याने टांगला, पंखा बंद, दार बंद, आणि निओडिमियमचा चुंबक जवळ नेला. तुकडा हळूच दूर सरला. धातूंमध्ये हा प्रतिचुंबकीय गुण, म्हणजे चुंबकापासून दूर ढकललं जाणं, बिस्मथइतका ठळक क्वचितच दिसतो. तो पूर्ण स्थिर नाही हे २००३ मध्ये सिद्ध झालं, पण त्याचा अर्धायुकाल (निम्मे अणू विघटायला लागणारा काळ) विश्वाच्या वयाच्या शंभर कोटी पटींहूनही जास्त आहे, त्यामुळे ८३ वं घर मी बिनधास्त उघडं ठेवलं आहे.

टंगस्टनबद्दल थोडक्यात. टिग या प्रकारच्या वेल्डिंगला लागणारे टंगस्टनचे रॉड मिळतात, हिरव्या टोकाचे मागा. लाल टोकाच्या रॉडमध्ये किरणोत्सारी थोरियम असतं. तीन रॉड एकत्र: ३९.२ ग्रॅम, वाचन २.०४, घनता १९.२. सोन्याचीही १९.३ असल्याने सोनाराचा काटा एकट्याने या दोघांत फरक करू शकणार नाही. ४२.

निऑन घरातच होता, जुन्या एक्स्टेन्शन बोर्डावरच्या केशरी दिव्यात. पडताळणीला पुठ्ठ्याचं खोकं, दोन ब्लेडची फट आणि सीडीचा तुकडा, ज्यावर दर मिलिमीटरला सुमारे ६२५ रेषा असतात. नव्या बोर्डांत एलईडी असतो, त्याचा वर्णपट सलग पट्टा दिसतो. जुन्या दिव्यात लाल-केशरी भागात सुट्या सुट्या रेषांची रांग दिसली. बोर्ड उघडायची गरज नाही, उघडूही नका. ४३.

हीलियमचं घर मात्र मी या वर्षी मुद्दाम भरलं नाही. फुगा वर जातो एवढ्यावर हीलियम ठरत नाही, हायड्रोजनचाही जातो. हीलियमचा पहिला माग सूर्यावर लागला: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता, इंग्रज निरीक्षक जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. विजयदुर्गावर आजही त्या ग्रहणाशी जोडलेले साहेबाचे ओटे दाखवतात. सूर्याच्या ज्वाळांत दिसलेली पिवळी रेषा आधी सोडियमची वाटली. ती सोडियमच्या जोडीपासून किंचित बाजूला आहे, ५८९ ऐवजी ५८७.६ नॅनोमीटरवर, आणि तेवढ्या फरकावरून नवं मूलद्रव्य ठरलं. पृथ्वीवर ते रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला १८९५ मध्ये सापडलं. माझ्या सीडीला एवढा बारीक फरक दिसेल का, हे आधी मिठाच्या ज्योतीवर तपासते आहे. फट आणखी अरुंद करून झाली, आता खोकं लांब करायचं आहे. हीलियमची विसर्गनलिका (विजेने आतला वायू उजळणारी काचेची नळी) मिळाली की दोन्ही रेषा शेजारी ठेवून पाहीन. तोवर हीलियमचं, म्हणजे २ क्रमांकाचं, घर रिकामं.