एका अक्षराने उलटलेली यादी

पुस्तिका छोटीच होती, खेळाडू आणि प्रशिक्षकांसाठी औषधांच्या नियमांची. मूळ इंग्रजी, मराठी अनुवाद आमच्या गटातल्या एका नव्या मुलीचा आणि तपासणी माझी. दुपारपर्यंत वाचून झाली. दोन-चार विरामचिन्हे सुधारली आणि छपाईला द्यायला हरकत नाही, असा शेरा मारला. भाषा स्वच्छ होती, वाचताना कुठेच अडखळायला होत नव्हते.

त्यातले एक वाक्य असे होते: ‘डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांची यादी खेळाडूने कायम जवळ बाळगावी व उपचार घेताना ती दाखवावी.’ यात खटकण्यासारखे काय आहे? कोणीही मान डोलावून पुढे जाईल. मीही गेले होते.

संध्याकाळी मांडणी होऊन आलेली पाने शेवटची म्हणून चाळत होते. परिशिष्टाचा मथळा होता ‘डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे’ आणि खाली पहिलेच नाव, स्टॅनोझोलॉल. पोटात गोळा आला. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचे शंभर मीटरचे सुवर्णपदक ज्या स्टेरॉइडपायी काढून घेतले गेले, ते हेच.

मूळ प्रत उघडली. शब्द होता प्रोस्क्राइब्ड. म्हणजे बंदी घातलेले. तो प्रिस्क्राइब्ड असा वाचला गेला होता, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेले. इंग्रजीत दोन्ही शब्दांत फक्त एका अक्षराचा फरक, ‘ई’च्या जागी ‘ओ’. अनुवादात चूक झाली हे खरे, पण तपासताना मूळ प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहणे हे माझे काम होते. मराठी इतके सरळ वाहत होते की मी नुसते मराठीच वाचत गेले.

मुलीला बोलावून दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून दाखवले. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, “ताई, मला वाटलं छपाईत एक अक्षर चुकलंय. दोन्हींत ‘लिहिणं’च आहे ना? मग लिहून दिलेलं औषध बंदीचं कसं होईल?”

प्रश्न अगदी रास्त होता. छपाई थांबवायचा निरोप मी आधीच दिला होता, त्यामुळे बोलायला वेळ होता.

दोन्ही शब्दांच्या पोटात लॅटिनचा ‘स्क्रिबेरे’ हा एकच धातू आहे. त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे. हा अर्थ मला फार जवळचा वाटतो, कारण आपल्या ‘लिख्’चाही जुना अर्थ तोच आणि ‘रेघ’ही त्याच्याच गोतातली. दगडावर, मातीवर, मेणाच्या पाटीवर टोकदार वस्तूने ओढलेली ओळ म्हणजे लेखन. अर्थ बदलतो तो उपसर्गाने. आपण आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द शाळेतच शिकतो. धातू एकच ‘हृ’, पण उपसर्ग त्याला बळेच कुठल्या कुठे ओढून नेतो. लॅटिनमध्ये हेच होते. ‘सब’ म्हणजे खाली, म्हणून सबस्क्राइब म्हणजे मुळात मजकुराखाली नाव लिहिणे, सही करून मान्यता देणे. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, म्हणून ट्रान्सस्क्राइब म्हणजे एकीकडचे दुसरीकडे उतरवून घेणे. ‘सर्कम’ म्हणजे भोवती. सर्कमस्क्राइब म्हणजे भोवताली रेघ ओढून मर्यादा घालणे.

प्रिस्क्राइबमधला ‘प्री’ म्हणजे आधी. जे करायचे ते आधी लिहून ठेवणे, म्हणजेच नेमून देणे. डॉक्टर औषध घेण्याआधी ते लिहून देतात. (त्यांच्या चिठ्ठीवर वर जी तिरकी रेघ मारलेली आर काढतात, ती ‘रेसिपे’ची खूण. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘घे’, आणि स्वयंपाकाची रेसिपीही तिथूनच आली.)

प्रोस्क्राइबमधला ‘प्रो’ म्हणजे पुढे, सगळ्यांसमोर. रोमन लोक एखाद्या मालमत्तेचा लिलाव असला की त्याची जाहीर पाटी लावत. ते प्रोस्क्रिबेरे. तोवर शब्द निरुपद्रवी होता. मग इसवीसनपूर्व ८२मध्ये सुल्ला या रोमन सेनापतीने रोम ताब्यात घेतले आणि आपल्या शत्रूंच्या नावांच्या याद्या फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, लावल्या. यादीत ज्याचे नाव त्याला कोणीही मारावे आणि वर बक्षीस घ्यावे. मालमत्ता जप्त, मुला-नातवंडांना सार्वजनिक पदांची दारे बंद. पुढे इसवीसनपूर्व ४३मध्ये अशाच दुसऱ्या यादीत सिसेरो या नामवंत वक्त्याचे नाव आले आणि तो मारला गेला. जाहीर पाटीचा शब्द असा आधी बहिष्काराचा आणि नंतर मनाईचा झाला.

मुलगी गप्प बसून ऐकत होती. मग पुन्हा परिशिष्टाकडे पाहत म्हणाली, “म्हणजे ही पण तशीच जाहीर लावलेली यादी आहे.”

इतकी वर्षे हे शब्द हाताळूनही मला ते असे थेट दिसले नव्हते.

आता मराठीत काय लिहायचे? कार्यालयीन मराठीत जोडी तयार आहे, विहित आणि निषिद्ध. पण सोळा वर्षांच्या धावपटूने ‘निषिद्ध पदार्थ’ वाचून अंदाज बांधत बसावे, हे मला पटेना. आम्ही ‘बंदी असलेली औषधे’ असे केले, परिशिष्टात आणि बाकी सगळीकडेही. तो शब्द एकूण अकरा ठिकाणी सापडला. या वेळी ती इंग्रजी मोठ्याने वाचत होती आणि मी मराठीवर बोट ठेवून पुढे सरकत होते.

यादीच्या मध्यावर फ्युरोसेमाइडपाशी ती थांबली. “ताई, हे तर माझ्या आजोबांना आहे. पायाला सूज येते म्हणून डॉक्टरांनीच दिलंय.”

बरोबर होते. ते लघवी वाढवणारे औषध आहे आणि रोज कितीतरी रुग्णांना लिहून दिले जाते. खेळाडूंना मात्र त्याची बंदी आहे, कारण त्याने वजन झटपट उतरवता येते आणि लघवी पातळ होऊन दुसरे औषध चाचणीत लपू शकते. एकच गोळी प्रिस्क्राइब्डही आणि प्रोस्क्राइब्डही. वैद्यकीय गरज असली तरी खेळाडूला वेगळी परवानगी घ्यावी लागते.

मूळ पुस्तिकेत परवानगीचा नियम होता, पण तो बराच मागे होता. अनुवादकाने पदरचे वाक्य घालायचे नसते. म्हणून पुस्तिका काढणाऱ्यांना मी फोन केला, काय घडले ते सांगितले आणि यादीच्या वर एक ओळ घालू द्या, अशी विनंती केली. त्यांनी ती इंग्रजी आवृत्तीतही घ्यायचे ठरवले. ओळ मुलीने लिहिली: ‘डॉक्टरांनी लिहून दिलेले औषधही या यादीत असू शकते, ते घेण्याआधी परवानगी घ्या.’

रात्री उशिरा पाने छपाईला गेली.