दादर पॅसेंजर परत मागताना

लालबागहून टॅक्सीने दादर, तिथून दुपारची रत्नागिरी पॅसेंजर आणि अंधार पडता पडता विन्हेरे. गावाला जाणं म्हणजे आमच्या घरात इतकंच होतं. आरक्षणाची भानगड नाही, चार महिने आधी कॅलेंडर बघणं नाही. कुणी गेल्याचा निरोप आला की पिशवी भरून निघायचं. विन्हेऱ्याला थांबणाऱ्या गाड्या बोटावर मोजण्याइतक्या, एक्स्प्रेस तर धूळ उडवत निघून जातात. त्यामुळे ही गाडी आमची.

मार्च 2020 मध्ये सगळ्याच गाड्या बंद झाल्या. ही परत सुरू झाली ती ठाण्याच्या पुढच्या दिवा स्टेशनहून. गाडी तीच, गाव तेच, फक्त पहिला तुकडा कापलेला. वर पॅसेंजर गाड्या 'स्पेशल' झाल्या, नंबराच्या पुढे शून्य लागलं आणि कमीत कमी दहा रुपयांचं तिकीट तीसवर गेलं. भाड्याचं फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्ववत झालं. दादरचं नाही.

नकाशावर दादर ते दिवा म्हणजे काहीच नाही. पण आईला घेऊन जाऊन बघा. गुडघे दुखणारी बाई, एका हातात औषधांची पिशवी. आधी लोकल, मग दिव्याला त्या गर्दीत उतरणं, जिना चढणं, पूल ओलांडणं, जिना उतरणं. आणि येताना तर सोबत तांदूळ, कोकम आणि पोत्यात बांधलेला फणस. मागच्या मे महिन्यात तो फणस पुलाच्या मधल्या टप्प्यावर पोत्यातून निसटला आणि पायऱ्यांवरून खाली गेला. एका पोराने तो पायाने अडवला, म्हणून खालचा माणूस वाचला. आई तिथेच कठड्याला टेकून बसली आणि म्हणाली, "गाडी दिव्याला नेऊन ठेवलानी, आता आम्ही काय पंख लावायचे?" त्या फणसाचे गरे चाळीत वाटताना आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या तात्यांनी माझ्याकडे बोट केलं, "तू ऑफिसात बसतोस ना? मग तूच बघ हे अर्जाचं."

मंडळाने त्याआधी काहीच केलं नव्हतं असं नाही. तीन वर्षं निवेदनं जात होती. मी त्यांच्या प्रती काढून वाचल्या. 'कोकणी माणसावर होणारा अन्याय' पहिल्या ओळीत, 'तीव्र आंदोलन' शेवटच्या ओळीत आणि गाडीचा नंबर कुठेच नाही. एकेका पत्रात दादर पॅसेंजर, विन्हेऱ्याला आणखी एका एक्स्प्रेसचा थांबा, फलाटावर शेड, गणपतीत जादा गाड्या, सगळं एकत्र. पत्र मंत्र्यांपासून आमदारांपर्यंत सगळ्यांना. मागे सह्यांचे सात कागद, त्यात जनाकाकूंचा निळा अंगठा. उत्तर एकदाच आलेलं: पत्र मिळाले, योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले.

पुढे म्हणजे कुठे, हे कळायलाच मला दोन महिने लागले. गाडी कोकणची म्हणून आपण कोकण रेल्वेला पकडतो. पण कोकण रेल्वेचा रूळ सुरू होतो रोह्याला आणि जातो थेट कर्नाटकात ठोकूरपर्यंत. दादर, ठाणे, दिवा, पनवेल, रोह्यापर्यंत सगळं मध्य रेल्वेचं. म्हणजे आमचं गाव एकाच्या हद्दीत आणि आमची तक्रार दुसऱ्याच्या. मी दोन कार्यालयांत गेलो. पहिल्याने दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्याने पहिल्याचं. दुसऱ्या ठिकाणच्या बाबूंनी निदान चहा विचारला.

मग माहितीचा अधिकार. केंद्राच्या पोर्टलवर अर्ज ऑनलाइन जातो, दहा रुपये फी, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. मी मोठ्या उत्साहात लिहिलं: गाडी दादरपर्यंत का आणत नाही? उत्तर विसाव्या दिवशी आलं, हिंदीत, दोन ओळींचं. 'का' हा प्रश्न माहितीत बसत नाही. जे कागदावर आहे ते मिळेल, कारणमीमांसा मिळणार नाही. चिडलो, पण नियम तसाच आहे. दुसऱ्या अर्जात मी 'का' हा शब्दच येऊ दिला नाही. गाडी दिव्याहून सोडण्याबाबतच्या आदेशाची प्रत, त्यावरील टिप्पण्या, 2020 नंतर या विषयावर आलेल्या निवेदनांची यादी आणि त्यावर केलेली कार्यवाही. शेवटी एक ओळ: संबंधित फाईल प्रत्यक्ष पाहायची आहे.

ही शेवटची ओळ मला आमच्याच मजल्यावरच्या एका निवृत्त कारकुनांनी सुचवली. फाईल बघायला पहिला तास फुकट, पुढे तासाला पाच रुपये, झेरॉक्स पानामागे दोन रुपये. "एवढ्यात वडापाव तरी येतो का?" ते म्हणाले.

या अर्जाला तीस दिवसांत काहीच आलं नाही. पहिलं अपील केलं, त्याला फी नाही. अपील गेल्यावर बाराव्या दिवशी फोन आला की येऊन फाईल बघा.

दरम्यान बाजू भक्कम करायची होती. अडचण काय सांगतात ते ऐकून माहीत होतं: दादरच्या बाजूला रूळ भरलेले, लोकलचा वक्तशीरपणा बिघडतो. हे खोटं नाही. रोज सकाळी 8:40 ची लोकल पकडणारा मीच, सिग्नलला पाच मिनिटं थांबलो तरी शिव्या घालतो. पण फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली, लांबच्या गाड्या लोकलच्या वाटेतून बाजूला काढण्यासाठीच. मग दादर नाही जमत तर ठाणे का नाही? तात्यांना हे पटलं नाही. "ठाणे मागितलंस की दादर मेलं." यावर दोन रविवार भांडण झालं. शेवटी अर्जात लिहिलं: मागणी दादरची, ती होईपर्यंत ठाण्यापर्यंत.

दुसरं भांडण गोरखपूरवरून. दादरहून गोरखपूरची गाडी सुटते, तिला जागा आहे आणि आम्हाला नाही, हे वाक्य पोरांना अर्जात हवंच होतं. मी काढून टाकलं. फलाटाला जागा मिळते हा मुद्दा चांगला आहे, मान्य. पण दुसऱ्याची गाडी बंद करा म्हटलं की चर्चा वेळापत्रकाची राहत नाही. आणि आमच्या बिल्डिंगला रंग देणारा माणूस त्याच गाडीने घरी जातो, त्याच्यासमोर मला ते वाक्य वाचता आलं नसतं.

त्याच काळात वाचलं की 2020 मध्ये रेल्वेने आयआयटी मुंबईच्या मदतीने 'झिरो बेस्ड टाइमटेबल' बनवायला घेतलं होतं. म्हणजे जुनं वेळापत्रक बाजूला ठेवून कोरी पाटी, जिथे प्रवासी कमी तिथले थांबे कमी. पवईच्या आयआयटीत बसून विन्हेऱ्याचा प्रवासी मोजायचा तर तो तिकिटावरूनच मोजणार. पण आता आमच्या माणसाचं तिकीट दिव्याचं असतं. तो मुळात दादरचा की घाटकोपरचा, हे कागदावर उमटतच नाही. म्हणून एका शनिवारी आम्ही चौघं वही घेऊन दिव्याला गेलो. डब्यातून फिरत एकच प्रश्न: घरून निघून लोकलला कुठे बसलात? उभ्या चार रेघा, आडवी एक. दादर-परळचा रकाना लगेच भरला, पान उलटावं लागलं. डोंबिवली-कल्याणवाल्यांचा रकानाही बारका नव्हता. एक काका तर म्हणाले, "आम्हाला दिवाच बरा, दादरला नेलीत तर बसायला जागा मिळणार नाही." तेही मी लिहून घेतलं. तात्या म्हणाले ते पान फाड. फाडलं नाही.

फाईल बघायला मी आणि ते निवृत्त कारकून गेलो. जाडजूड काहीतरी असेल असं डोक्यात होतं. निघाली पातळ, पिवळसर, दोऱ्याने बांधलेली. त्यांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली. आधी अंतर्गत पत्रं, मग दोन खासदारांची पत्रं आणि त्यांना गेलेली उत्तरं, मग प्रवासी सल्लागार समितीच्या बैठकीतला एक मुद्दा. सगळीकडे शब्द एकच, परिचालनिक कारण, म्हणजे गाड्या चालवण्यातली अडचण. आमच्या मंडळाचं तीन वर्षांतलं एकही निवेदन त्यात नव्हतं. सात कागद सह्या, जनाकाकूंचा अंगठा, काही नाही. मी दोनदा बघितलं. साहेबांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, इथल्या आवक नोंदवहीत तुमची नोंदच नाही, ती पत्रं दुसरीकडे गेली असतील.

समितीचा मुद्दा मात्र फाईलमध्ये होता, कारण तो सदस्याने बैठकीआधी लेखी दिला होता. लेखी दिलेल्या मुद्द्याला लेखी उत्तर देणं भाग असतं आणि ते इतिवृत्तात छापून येतं. आम्ही त्या चार पानांच्या प्रती घेतल्या, आठ रुपये झाले. सुटे नव्हते, कारकुनांनी दिले.

खाली उतरून समोरच्या हॉटेलात बसलो आणि तिथेच नवा अर्ज लिहिला. एकच गाडी, नंबरासकट. एकच मागणी. सोबत वहीतली पानं, काकांचं बोलणं असलेल्या पानासकट. एक प्रत समितीच्या सदस्यासाठी, एक त्याच कार्यालयासाठी. मग परत वर गेलो आणि आवक खिडकीवर उभे राहिलो. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला, तारीख टाकली, कोपऱ्यात आवक क्रमांक लिहिला. कारकुनांनी प्रत उजेडात धरून तो क्रमांक वाचला, पुसट होता, म्हणून त्यांनी बाईंना शिक्का पुन्हा मारायला लावला.

गणपतीला आम्ही दिव्याहूनच गेलो. पुलाच्या त्याच टप्प्यावर आई दम घ्यायला थांबली. मी शर्टाच्या खिशातली पोच काढून तिला दाखवली. तिने चष्मा शोधला, सापडला नाही, म्हणून नुसता शिक्क्यावर अंगठा फिरवला.