कियोसुमी : उद्योगपतीच्या बागेचे झालेले उद्यान

ठाण्यातील मासुंदा तलावाच्या काठी लहानाचे मोठे झालो असल्याने परगावी गेलो की पाय आपोआप पाण्याकडे वळतात; टोकियोतही सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो तो कियोसुमी उद्यानातील तळ्यापाशी.

मित्सुबिशीचे संस्थापक इवासाकी यातारो यांनी १८७८ मध्ये ही जागा विकत घेऊन कर्मचाऱ्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी येथे बाग उभारली, आणि पुढे कंपनीच्या जहाजांतून देशभरातील नामांकित दगड आणून ती सजवली गेली. १९२३ च्या महाभूकंपात बागेचे मोठे नुकसान झाले, तरीही आगीपासून पळणाऱ्या हजारो लोकांना तिने आसरा दिला. त्यानंतर इवासाकी कुटुंबाने तिचा कमी हानी झालेला भाग शहराला दान केला आणि १९३२ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. संकटात माणसे वाचवलेली जागा माणसांच्याच हाती सोपवली गेली, हे मला फार मोलाचे वाटते.

तळ्याच्या कडेने पाण्यातच मोठमोठे दगड मांडलेले आहेत. त्यांवरून चालताना नजर पावलांवर ठेवावीच लागते. त्यामुळे दगडावरच्या रेषा, सांदीतले शेवाळ आणि अगदी पायाशी येणारे कोई मासे दिसतात, आणि ऐसपैस दगडावर थांबून मान वर केली की समोर पाण्यावरचे चहागृह अचानक उलगडते. ठाण्यातील तलाव सुशोभित करताना आपण बहुधा कठडे बांधून पाणी दूर लोटतो. निदान एखाद्या उथळ कोपऱ्यात तरी असा दगडांचा काठ जरूर करून पाहावा.