रामलिंगच्या घाटातले शिंजीर

फाल्गुनात येडशीच्या रामलिंगला गेले ती पळस बघायला. एसटीतून उतरून घाटाची वाट धरली तेव्हा ऊन नुकतंच चढायला लागलं होतं. मंदिरात जटायूची समाधी दाखवतात. रावणाशी तो इथंच झुंजला, अशी इकडची श्रद्धा आहे. मला त्या दिवशी झुंज दिसली ती बोटभर पाखरांची.

पानं झडलेल्या एका पळसावर शिंजिराचा नर बसला होता. सावलीत काळाकुट्ट, उन्हात मान वळवली की जांभळानिळा झळाळणारा. दुसरा नर फांदीवर टेकला रे टेकला की हा अंगावर जायचा. पंख थरथरवत बगलेतले केशरी-पिवळे झुपके फुलवायचा आणि आलेला पसार व्हायचा. अर्ध्या तासात सहा वेळा! झाड एक, मधावर टपलेले अनेक, त्यात विणीचे दिवस.

याचे फोटो आपल्याकडे सर्रास ‘हमिंगबर्ड’ म्हणून फिरतात. मला ते फार लागतं. हमिंगबर्ड सापडतो तो उत्तर-दक्षिण अमेरिकेतच, साडेतीनशेच्या वर जातींचा. तो हवेत एका जागी तरंगत मध पितो, उलटाही उडतो. आपला शिंजीर बहुधा फांदीला धरूनच चोच खुपसतो. दोघं एका कुळातले नाहीत. फुलांवरची भांडणं मात्र तिकडेही अशीच. आपल्या ताटव्यात नर दुसऱ्याला फिरकू देत नाही.

परतताना चहाच्या टपरीवर टेकले. पत्र्याखालच्या तारेला घरटं लोंबत होतं. सालीचे तुकडे, वाळकी पानं, सुरवंटाची विष्ठासुद्धा, सगळं कोळ्याच्या जाळ्याने सांधलेलं. लांबून कचरा अडकल्यासारखं वाटावं. कडेला दार, दारावर इवलंसं छप्पर.

“आठ दिस झाले, ती एकटीच बांधायली बघा,” मावशी म्हणाल्या. “त्यो नुसता वरडत फिरायलाय.”

खरंच आहे. बांधणं मादीचं, पंधरा-सतरा दिवस उबवणंही तिचंच. पण हमिंगबर्डच्या बहुतेक जातींत बाप पिल्लांकडे बघतही नाही, शिंजिराचा नर भरवायला येतो. तसं सांगितल्यावर मावशींचा चेहरा उजळला. “मंग बरंय की!” धूर लागू नये म्हणून त्यांनी शेगडी केव्हाच पलीकडे नेली होती.

तेवढ्यात मादी आली, चोचीत जाळ्याचा पांढरा धागा. तो दाराच्या कडेला गुंडाळून ती आत शिरली. आतून छातीने रेटत होती, तसतशी पिशवी एका बाजूने फुगत होती, मग दुसऱ्या.