त्वचाशब्द: टेटर सुटला, मेंज लांबणीवर

‘टेटर’ या त्वचारोगाच्या इंग्रजी नावाची गाठ सुटली! मागच्या नोंदीत आपण इथवर आलो होतो: ग्रिमच्या नियमाने (इंग्रजी-जर्मन कुळात व्यंजनं कशी सरकली ते सांगणारा नियम) संस्कृत ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ येतो (दश–टेन, दंत–टूथ, द्वि–टू), म्हणून दद्रु (नायट्याचं संस्कृत नाव) आणि टेटर एकाच घरचे दिसतात. पण मध्ये जर्मन आडवी येत होती. तीच आता आपल्या बाजूची साक्षीदार निघाली आहे.

टेटर म्हणजे नायटा, गजकर्ण, इसब, असं कुठलंही खाजरं चट्ट्यांचं दुखणं. आज तो बोलीभाषांपुरता उरलाय; पण हॅम्लेटच्या बापाचं भूत आपल्या कानात विष ओतलं गेल्यावर अंगभर चढलेल्या खपलीचं वर्णन करतं, तिथे हाच शब्द आहे.

अडचण अशी होती. जुन्या उच्च जर्मनमध्ये याचं रूप ‘त्सिट्टारोख’. जर्मनमध्ये ‘ट’ आणखी एकदा सरकतो: शब्दाच्या सुरुवातीला ‘त्स’ (टेन–त्सेन), स्वरानंतर ‘स’ (वॉटर–वासर, बेटर–बेसर). मग पहिल्या ‘ट’चा रीतसर ‘त्स’ झाला, आणि दुसरा हललाच नाही? नियम अर्धा पाळणारा शब्द म्हटला की मला उसना असल्याचाच संशय येतो, आणि उसना ठरला असता तर दद्रुशी नातं जोडण्यात अर्थ नव्हता.

उत्तर ‘बिटर’मध्ये सापडलं. कडू या अर्थी तो जर्मनमध्येही बिटरच आहे, ‘बिसर’ नाही. कारण ‘ट’ला लागूनच ‘र’ असेल तर जर्मनमध्ये ‘ट’ सरकत नाही. जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) हा शब्द ‘बिट्र’ आहे. मधला स्वर नंतर शिरलेला. तोच न्याय त्सिट्टारोखला लावा: दुसरा ‘ट’ टिकला, म्हणजे मुळात ‘ट्र’ असं जोडाक्षर होतं. आणि दद्रुमध्ये नेमकं तिथेच ‘द्र’ आहे! इंग्रजीने पुसलेलं जोडाक्षर जर्मनने न सरकलेल्या ‘ट’मध्ये जपून ठेवलं. पडताळ्याला ऑटर घ्या: जर्मनमध्येही ओटर, संस्कृतात उद्र, म्हणजे पाणमांजर. चोख बसतं.

सुरुवातीचा ‘द’ हा अभ्यास, म्हणजे धातूची द्विरुक्ती. धातू दृ, फाडणे, विदीर्णमधला तोच. इंग्रजी टेअर आणि ग्रीक डर्मा याच कुळातले मानतात. सोललेल्या कातड्याचं नाव आणि सोलवटलेल्या कातडीच्या रोगाचं नाव एकाच धातूवरून, हे मला फार आवडलं.

साधनांबद्दल: जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ-टॉलर आणि संस्कृतसाठी कोलोन विद्यापीठाचे डिजिटल कोश, दोन्ही फुकट आणि दोन्ही उत्तम. मी पैसे भरून घेतलेलं एक ॲप मात्र टेटरपुढे ‘मूळ अज्ञात’ लिहून मोकळं होतं. असल्या ॲपवर खर्च करू नका.

बाकी थोडक्यात. स्कॅब (खपली)–शॅबी (कळकट) ही जोडी पक्की झाली: स्कॅब नॉर्समधून आला, ‘श’वाला शॅब घरचा, आणि शॅबी त्याच्यावरून. मीझल्स (गोवर) अजून अडलेला आहे. डच ‘मासेल’मध्ये महारोग्यासाठीचा ‘मेसेल’ कुठे मिसळला, ते स्वरांवरून नीट लागत नाही.

पुढचा क्रमांक मेंजचा, म्हणजे जनावरांच्या खरजेचा, होता (जुन्या फ्रेंचमधल्या ‘खाणे’वरून आलेली खाज). पण वरचं लिहिता लिहिता वाटलं, आयुर्वेदातल्या नावांशी धातूने जुळणारे शब्द आधी एकत्र घ्यावेत. हर्पीज ग्रीक ‘सरपटणे’वरून, आणि आपला विसर्प (आयुर्वेदातला पसरणारा त्वचारोग) सृप् धातूवरून, ग्रीकमध्ये आद्य ‘स’चा ‘ह’ होतो, म्हणजे धातू एकच. दद्रु तर टाकळ्याच्या दद्रुघ्न या नावातही आहे. एक्झिमातला ‘उकळणे’ आणि संस्कृत यस् यांचंही नातं आहे, पण यस् वरून रोगाचं नाव मला अजून मिळालेलं नाही. चरक-सुश्रुत हाताशी असलेल्यांनी कुष्ठाचे प्रकार तेवढे चाळून पाहावेत. तोवर मी हर्पीजची टिपणं काढतो.