अमेरिकी यादवीचा नकाशासंच : चौथा नकाशा पूर्ण, पाचवा पेन्सिलीत

१८२० ते १८६१ या काळात अमेरिकेच्या भूमीवर गुलामगिरीचा वाद कसा सरकत गेला, हे दाखवणाऱ्या हाताने काढलेल्या पाच नकाशांपैकी चौथा आता शाईत पूर्ण झाला आहे. संचाचा संकेत पहिल्यापासून एकच आहे : गुलामगिरी चालू असलेली राज्ये करडी, मुक्त राज्ये कोरी आणि राज्याचा दर्जा अजून न मिळालेले, केंद्राच्या ताब्यातील प्रदेश तिरप्या रेषांनी भरलेले. सर्वांत जास्त वेळ या तिरप्या रेषांनी घेतला. ते योग्यच आहे, कारण दक्षिणेतील गुलामगिरी तिथल्या तिथे मोडावी की नाही, यापेक्षा या रिकाम्या जमिनीत तिला प्रवेश द्यावा की नाही, यावरच संसदेत सर्वाधिक भांडण झाले. प्रत्येक नवे राज्य सिनेटमध्ये दोन सदस्य पाठवणार होते आणि लोकसंख्येत मागे पडलेल्या दक्षिणेला टिकून राहण्यासाठी सिनेटचाच आधार उरला होता.

१८२० चा नकाशा सोपा गेला. मिसुरी गुलामगिरीसह आणि मेन मुक्त राज्य म्हणून संघात घेऊन अकरास अकरा हे प्रमाण बारास बारा ठेवले गेले आणि लुइझियाना खरेदीच्या (फ्रान्सकडून विकत घेतलेल्या प्रदेशाच्या) उरलेल्या भागात, मिसुरी वगळता, ३६ अंश ३० मिनिटांच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी झाली. शंकू प्रक्षेपणात (पृथ्वीचा गोल पृष्ठभाग शंकूवर उतरवून सपाट करण्याच्या पद्धतीत) ही रेषा सरळ न राहता किंचित वक्र होते, म्हणून ती लवचिक पट्टीने ओढावी लागते.

१८५० च्या नकाशात मेक्सिकोकडून जिंकलेला प्रदेश येतो. त्या प्रदेशात गुलामगिरी नसावी, असा प्रतिनिधिगृहाचे सदस्य विल्मट यांचा १८४६ चा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात संमत झाला, पण सिनेटमध्ये अडला. पुढे कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आले आणि तोल १६ विरुद्ध १५ असा ढळला. त्याच्या मोबदल्यात दक्षिणेला मिळालेला पळालेल्या गुलामांविषयीचा कायदा मात्र कोणत्याच रंगात बसेना, कारण त्याने कोऱ्या राज्यांतही पकडापकडी कायदेशीर केली होती. शेवटी समासात एक छोटी चौकट केली : पकडलेला माणूस गुलाम ठरवल्यास निकाल देणाऱ्या केंद्राच्या आयुक्ताला १० डॉलर, मुक्त ठरवल्यास ५. यादवीचे कारण केवळ राज्यांचे हक्क होते, असे म्हणणाऱ्यांना मी हीच चौकट दाखवीन, कारण इथे उत्तरेतील राज्यांचा विरोध बाजूला सारून केंद्राची सत्ता वापरण्याचा आग्रह दक्षिणेचाच होता.

तिसऱ्या, म्हणजे १८५४ च्या नकाशावर माझा विशेष जीव आहे. सिनेटर स्टीफन डग्लस यांच्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने मिसुरी तडजोडीची रेषा पुसली आणि निर्णय तेथील वसाहतकऱ्यांच्या मतांवर सोपवला. परिणामी १८५५ च्या निवडणुकीत मिसुरीतून सीमा ओलांडून आलेल्या लोकांनी कॅन्ससमध्ये मते टाकली आणि पुढे एकाच प्रदेशात दोन सरकारे उभी राहिली. कोपऱ्यातील उपनकाशात कॅन्सस नदीकाठची लॉरेन्स, लेकाँप्टन आणि टोपेका ही गावे मोठ्या प्रमाणात घेतली आहेत. गुलामगिरीवाल्यांचे लेकाँप्टन विरोधकांच्या दोन ठाण्यांच्या मध्ये बसले होते, हे पाहिले की तेथे शांतता का टिकली नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. २१ मे १८५६ रोजी लॉरेन्स लुटले गेले, दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये गुलामगिरीविरोधी सिनेटर समनर यांना सभागृहातच काठीने झोडपण्यात आले आणि २४ तारखेच्या रात्री गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन याच्या टोळीने पोटावाटोमी ओढ्याकाठी पाच जणांना ठार केले.

नुकताच संपलेला चौथा नकाशा १८५७ चा. ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार संसदेला नाही, असा ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला. कायदा तंतोतंत पाळायचा तर सारा तिरप्या रेषांचा भाग करडा करायला हवा होता. प्रत्यक्षात १८६० च्या जनगणनेत कॅन्ससमध्ये अवघे २ गुलाम, नेब्रास्कात १५ आणि युटामध्ये २९ नोंदले गेले. म्हणून रेषा कायम ठेवून त्यांवर पातळ करडा वॉश दिला. हक्क आणि वस्तुस्थिती यांतील ही दरी दोन थरांतूनच दिसते.

पाचवा नकाशा १८६१ चा असून त्याला आधार कोस्ट सर्व्हे या सरकारी किनारा-मोजणी खात्यासाठी एडविन हर्गेशायमर यांनी त्याच वर्षी काढलेल्या नकाशाचा आहे. त्यात काउंटीगणिक (जिल्ह्यागणिक) गुलामांचे प्रमाण छटांनी दाखवले होते आणि लिंकन स्वतः तो पाहत असत. मिसिसिपी नदीकाठचा कापसाचा पट्टा सर्वांत गडद आहे. त्यातील इसाक्वेना काउंटीत दर शंभरांत ९२ हून अधिक माणसे गुलाम होती. (हाच कापूस नाकेबंदीने अडला तेव्हा मुंबईच्या बाजारात सोने पिकले आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये तो फुगा फुटला.) दक्षिणेची राज्ये संघातून फुटण्याचा क्रमही छटांशी जुळतो : ५७ टक्के गुलाम असलेले दक्षिण कॅरोलायना २० डिसेंबर १८६० रोजी सर्वांत आधी बाहेर पडले, व्हर्जिनिया आणि टेनेसी केंद्राच्या ताब्यातील सम्टर किल्ल्यावर दक्षिणेने एप्रिल १८६१ मध्ये केलेल्या माऱ्यानंतर गेले, तर मेरीलँड, केंटकी, मिसुरी आणि डेलावेअर संघातच राहिले. व्हर्जिनियाचा फिकट पश्चिम भाग तर तिच्यापासूनच तुटून १८६३ मध्ये वेगळे राज्य झाला. अपवाद टेक्ससचा : तेथे प्रमाण सुमारे ३० टक्के असूनही ते आधी फुटलेल्या पहिल्या सात राज्यांत होते.

कॅन्सस या नकाशात कोरे राहील. दक्षिणेचे सिनेटर उठून जात होते त्याच सुमारास, २९ जानेवारी १८६१ रोजी, ते मुक्त राज्य झाले. सध्या काउंटींच्या सीमा ट्रेसिंग पेपरवरून उतरवत आहे. राखाडीच्या पाच छटा एकाच शाईत पाणी वाढवत तयार केल्या असून कार्ट्रिज पेपरवर चौथी आणि पाचवी छटा वाळल्यावर वेगळ्या दिसत नाहीत, म्हणून सर्वांत गडद काउंटींवर आडव्या बारीक रेषांचा एक थर देण्याचे ठरवले आहे.