संबळ-हलगी आणि ड्रम्स-गिटार एका मंचावर : तयारी कुठवर आली

लातूरचा गिटार-ड्रम्सचा बँड आणि तुळजापूरचं गोंधळी पथक यांचा ४० मिनिटांचा एकत्र कार्यक्रम बसवणं चालू आहे. सराव औशाला, दोघांनाही मधलं पडतं. बँडकडे ड्रम्स, बेस, दोन गिटार, कीबोर्ड, एक गायक. पथकाकडे संबळाच्या दोन जोड्या, तीन हलग्या, तुणतुणं, टाळ, मुख्य गायक आणि दोन झीलकरी (मागून साथीला गाणारे). सूर जुळला आहे, लय बरीचशी बसली आहे, माइकची मांडणी कागदावर पक्की आहे.

पट्टी काळी चार. गोंधळाच्या गायकाचा आवाज तिथेच खुलतो, खाली आणला की धार जाते, म्हणून बाकीच्यांनी तिथे यायचं. काळी चार म्हणजे गिटारवरचा जी शार्प. नेहमीच्या ट्युनिंगमध्ये या सुराची मोकळी तार गिटारवरही नाही, बेसवरही नाही. तिन्ही वाद्यं (दोन गिटार आणि बेस) अर्ध्या सुराने उतरवली की ए ची मोकळी तार काळी चारला येते आणि बेसला भरदार षड्ज मिळतो. तारांचा ताण मात्र साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो. गिटारच्या तारांचा ०.०१० इंचाचा सेट हाताला ढिला लागतो आणि जोरात वाजवला की सूर चढतो, ०.०११ चा लावावा. कीबोर्डला ट्रान्सपोज (सगळे सूर सरकवायची सोय) उणे एक, म्हणजे अर्धा सूर खाली.

कॉर्डच्या बाबतीत हात आखडताच बरा. पदात गायक एकाच ओळीत कधी शुद्ध गंधार घेतो, कधी कोमलाकडे झुकतो. त्याखाली गिटारने पूर्ण मेजर कॉर्ड धरली, जिच्यात शुद्ध गंधार असतोच, की दोन गंधार भांडतात आणि ऐकणाऱ्याला गायकच बेसूर वाटतो. गाणं चालू असताना दोन्ही गिटार फक्त सा-प वाजवतात. भरलेल्या कॉर्ड दोन कडव्यांच्या मधल्या जागेत.

खरं काम लयीचं. संबळाचा ठेका सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन झोके. ड्रमरने सहाही मात्रा हायहॅटवर (पायाने मिटणाऱ्या झांजांवर) भरल्या तर संबळाच्या टिपऱ्या बुडतात. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) पहिल्या मात्रेवर, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) चौथीवर, बाकीची जागा संबळाची. सहातून चारात जायचं तेव्हा झोका तोच ठेवायचा: मिनिटाला ११६ झोके चालले असतील तर चारातही ११६ च, फक्त प्रत्येक झोक्याचे तीनऐवजी चार भाग. हा बदल तिहाईवर, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून. तिहाईचा शेवटचा ठोका हीच नव्या तालाची पहिली मात्रा, त्यामुळे कुणाला मान हलवून खूण करावी लागत नाही.

क्लिक ट्रॅक (कानात ठरावीक लयीत वाजणारी टिकटिक) पूर्ण बाजूला ठेवला आहे. गोंधळात पद चढत जातं, ११६ वर सुरू झालेलं शेवटी १३२ पर्यंत पोहोचतं, आणि ते पोहोचलंच पाहिजे. क्लिकने ते बांधलं तर पथक जीव नसल्यासारखं वाजवतं. लय संबळाकडे, ड्रमर संबळाच्या मागे. गिटारचे तुकडे १३२ वर सफाईने वाजतील तेवढेच ठेवायचे. ११६ ला छान वाटणारा तुकडा वरच्या लयीत चिखल करतो.

म्हणून संबळ आणि ड्रम्स शेजारी हवेत. ३५ अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५२ मीटर जातो. दोघे मंचाच्या दोन टोकांना १० मीटरवर बसले तर २८ मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू येतो. ३ मीटरवर तो ८-९ वर येतो, तेवढा चालतो.

मिक्सर १६ चॅनलचाच मिळणार असं धरून वाटणी केली आहे. ड्रम्सला तीन (किक, स्नेअर, वरून एक), बेस एक, गिटार दोन, कीबोर्ड मोनो एक, गायक एक : आठ. संबळाच्या दोन जोड्यांना चार, हलग्यांना मिळून एक, तुणतुणं एक, मुख्य गायक एक, दोन्ही झीलकऱ्यांत एक : आठ. टाळ गायकाच्या माइकमध्ये आपोआप येतो, उलट तो जास्त येऊ नये हे बघावं लागतं. संबळाला शुअर एसएम५७ सारखा माइक कातड्यापासून ५ ते ८ सेंटीमीटरवर, टिपऱ्यांच्या वाटेतून बाजूला. मोठ्या संबळाचा घुमारा आणि किक एकमेकांना खातात, तेव्हा किकचा खालचा आवाज कमी करावा, संबळाला हात लावू नये. तुणतुण्याला पिझो पिकअप (वाद्याला चिकटवून त्याची थरथर टिपणारा), पण एक मेगाओमचा प्रीअँप (मिक्सरआधीचा छोटा अँप) मध्ये हवाच. सरळ मिक्सरला जोडलं की तारेचा अंगचा आवाज जाऊन नुसती चरचर उरते.

हलगीचा त्रास दवाचा. रात्री कातडं ओल धरतं, ढिलं पडतं आणि कडक टणत्कार जाऊन थप्प असा आवाज येतो. मंचामागे शेगडी, प्रत्येक वादकाला एक जादा हलगी, दोन पदांनंतर अदलाबदल. कातडं निखाऱ्याच्या फार जवळ धरलं तर कडेला फाटतं. हाताला सोसेल एवढ्याच आचेवर फिरवत राहायचं. फायबरच्या हलगीला शेकावं लागत नाही, पण तिचा आवाज पत्र्यासारखा येतो, त्यामुळे ती फक्त अडीअडचणीला. शेगडी आणि गोंधळ्यांची दिवटी (हातातली मशाल) दोन्ही असल्याने मंचाच्या दोन्ही बाजूंना वाळूची बादली, आणि दिवटी फिरते त्या पट्ट्यातून एकही केबल नाही.

जनरेटरवर दिवे एका फेजवर, आवाजाचं सगळं दुसऱ्या एकाच फेजवर. गिटारचा अँप आणि मिक्सर वेगवेगळ्या अर्थवर गेले की घुंऽऽ सुरू होतं. साउंड चेकआधी मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांमधलं व्होल्टेज बघायचं. ते दोन-तीनच्या वर असेल तर अर्थिंगचा खड्डा ओला करून जोड घट्ट करून घ्यायचे. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, तेव्हा हे सगळं उजेडातच उरकावं लागणार.

राहिलंय ते हलग्यांच्या प्रवेशाचं. तिघे प्रेक्षकांच्या मागून वाजवत येणार आहेत. २५ मीटरवरून त्यांचा ठोका मंचावर ७१ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि मंचावरचा त्यांच्याकडे तेवढ्याच उशिराने. त्या वेळी ड्रमर वाजवू लागला तर दोन्हीकडे लय फाटते. तूर्त असं ठरलंय की ते पायरीशी येईपर्यंत मंचावर फक्त तुणतुण्याचा षड्ज, आणि पहिली हलगी मंचावर चढली की संबळ उचलणार. पुढच्या सरावात हे मोकळ्या मैदानात करून बघायचं आहे.